एका पंपाला एक झाकण

“आरे, ज्याले वाचता येस त्यानी मोठ्यानं वाचा ना भो! मनातल्या मनात वाचतस आन् मुंडकं हालाडतस. आम्ही काय तुमना मुंडकाकडे देखत उभं ऱ्हावानं का?”

भिकन ओरडला आणि विकास सोसायटीच्या ओट्यासमोर जमलेली पंचवीस-तीस माणसं खो खो हसली. कुणाच्या पाठीवर फवारणीचा पंप, कुणाच्या हातात दुधाची बरणी, कुणाच्या तोंडात अजून दातवण. सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि धरणगावच्या अलीकडच्या त्या गावात साडेसहाला माणसं देवळात नव्हे, सोसायटीच्या फळ्यापुढे जमायची. मग शाळेत जाणाऱ्या एका पोरीनंच खणखणीत वाचून दाखवलं :

“राम राम. कपाशीले पाते लागनात. आते पातेगळ सुरू व्हई. गळ थांबाडाना औषधनं प्रमाण : एका पंपाला एक झाकण. जास्त नको. वारा पडल्यावर फवारा.”

“व्वा!” भिकन म्हणाला. “आते समजनं. एक पंप, एक झाकण. रेडिओवाला तं मिली-मिली करीसन डोकं पिकाडस.”

आत झाडू मारत असलेल्या पितांबरनं हे ऐकलं आणि तो गालातल्या गालात हसला. पितांबर म्हणजे सोसायटीचा शिपाई. शिक्षण सातवी पास, पण अक्षर असं, की मुख्याध्यापकांनी मान खाली घालावी. फळ्यावर लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा रेडिओवर गारपिटीचा इशारा ऐकला आणि त्यानं तो कोळशानं भिंतीवर लिहून ठेवला. पाच-सहा जणांचा कापलेला हरभरा त्यामुळे वेळेत घरात आला. चेअरमन जीवरामआबांनी दुसऱ्याच आठवड्यात फळा आणून भिंतीला ठोकला. तेव्हापासून बारा वर्षं, दिवाळी-अक्षयतृतीयेलासुद्धा न चुकता, तो फळा रोज नव्यानं भरत आला होता.

संध्याकाळी सातला जळगाव केंद्रावर शेतीचा कार्यक्रम लागायचा. पितांबर मांडीवर रेडिओ आणि रेडिओवर वही ठेवून बसायचा. तिथून जे यायचं ते धान्य म्हणायचं, आणि पितांबर म्हणजे जातं! रेडिओनं ‘प्रादुर्भाव’ म्हटलं, की वहीत उतरायचं ‘कीड पडनी’. वीस सेंटिमीटरची व्हायची एक वीत. हेक्टराचे एकर व्हायचे, आणि ‘सायंकाळच्या वेळी’चं ‘ढोरं घर येतस तवय’. लिहून झालं की तो बायकोला, बेबाबाईला वाचून दाखवायचा. तिला कळलं तर गावाला कळेल, हा त्याचा हिशेब. तिला नाही कळलं, तर ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, “पुन्हा दया.” म्हणजे पुन्हा दळा!

गावात रेडिओ काही कमी नव्हते. पण सातला शेतीचा कार्यक्रम कुणी लावायचंच नाही. “पितांबरभाऊ आयकस ना,” म्हणायचे, आणि गाणी लावायचे. आख्ख्या गावानं आपले कान एका माणसाकडे ठेवायला दिले होते, आणि त्या माणसाला त्याचं ओझं नव्हतं, उलट छाती दोन बोटं फुगलेली असायची.

गर्दी पांगली. शेवटी ओट्याच्या कोपऱ्याशी एकच बाई उरली. ताईबाई. पितांबरच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, नाल्याकाठी चार एकर वावर, एक बैलजोडी, आणि सगळं एकटीच्या अंगावर. तिला वाचता येत नव्हतं. ती कुणाला ‘वाच’ म्हणायचीही नाही. माणसं गेली की पुढे यायची आणि पदर सावरून विचारायची :

“भाऊ, आज मना कामनं काय शे?”

“तुना कामनं आज काही नई, अक्का. कपाशीनं शे. तू ज्वारी पेरेल शे ना?”

“मंग जास मी.”

कामाचं असलं, की तो तिला हातातला झाडू टेकवून, बोटं मोजून सांगायचा. दोनदा सांगायचा. ती एकदाच ऐकायची.

ते झाकण काही त्यानं असंच लिहिलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. रेडिओनं सांगितलं होतं, दहा लिटर पाण्याला, म्हणजे एका पंपाला, तीन मिली. आता तीन मिली मोजायचं कशानं? गावात औषध मोजत ते चहाच्या कपानं, नाहीतर अंदाजानं. म्हणून पितांबर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गेला आणि सुई काढलेली पिचकारी मागून आणली. घरात गेल्या वर्षीची त्या औषधाची बाटली होती. तिच्या झाकणात त्यानं पाणी भरलं, पिचकारीनं ओढलं. बरोब्बर तीन मिली. पुन्हा भरलं. तीन. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा बेबाबाई म्हणाली, “आते काय त्या झाकणले देव्हारामा बसाडतस का?”

“आवं, बठ्ठं गाव ह्या झाकणवर चालनार शे,” तो म्हणाला. किती अभिमानानं म्हणाला!

आणि गाव खरंच त्या झाकणावर चाललं. चौदा वावरांत फवारणी झाली.

पाचव्या दिवशी कपाशीची पानं तळलेल्या पापडासारखी आत वळली. सातव्या दिवशी ओळीत पाय ठेवावा तर खाली पात्यांचा, न उमललेल्या कळ्यांचा सडा. गळ थांबवायचं औषध, आणि त्यानंच झाडं उघडी पाडली.

भिकन आला तेव्हा त्याच्या हातात नवी बाटली होती, दहा दिवसांपूर्वी धरणगावहून आणलेली. चित्र तेच, रंग तोच, नाव तेच. पितांबरनं घरातून जुनी बाटली आणली. दोन्ही झाकणं काढून ओट्यावर ठेवली. मग पितांबरनंच जुनं झाकण उचललं आणि नव्या झाकणात टाकलं. ते बुडाशी जाऊन पडलं, विहिरीत तांब्या पडावा तसं.

नव्या झाकणात दहा मिली मावत होतं. यंदा बाटलीचं तोंडच मोठं केलेलं. बाटलीवर बारीक अक्षरात सगळं छापलं होतं, पण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असताना बारीक अक्षर वाचणार कोण?

“पितांबरभाऊ,” शेवटी भिकन म्हणाला, “गळ थांबी बरं का आते. गळाले झाडवर काही ऱ्हायनंच नई.”

माणसं हसली. भिकनच्याच तीन एकरांची माती झाली होती, आणि तोच विनोद करत होता, म्हणजे त्या हसण्यात राग नव्हता. जीवरामआबा तर स्पष्टच म्हणाले, “झाकण कंपनीनं बदलं. ह्याना काय दोष? चार दिन जाऊ द्या, नवी फूट येई.” नवी फूटही आली. एक वेचणी बुडाली, पण कपाशी उभी राहिली.

उभा राहिला नाही तो पितांबर. कुणी शिव्या घातल्या असत्या, कुणी गचांडी धरली असती, तर तो कदाचित वाचला असता. पण लोक समजूतदारपणे वागले आणि त्याला तेच सोसेना. रोज सकाळी खडू हातात घ्यायचा, आणि हात फळ्याजवळ गेला की बोटं लाकडाची व्हायची. “आते इतलं तं लिख,” जीवरामआबा म्हणाले, “झाकण मोठं शे, संभाळा. इतल्या दोन शब्दनं काय वजन पडस?” पण ते दोन शब्दही त्याच्यानं लिहवले नाहीत.

मग श्रावणात कानबाई बसली. भावकीतली सगळी माणसं मोठ्या घरात जमलेली, रोटांचा खमंग वास, बायकांची गाणी. आरती झाल्यावर पितांबर पुढे झाला आणि कानबाईच्या पाटाला हात लावून म्हणाला, “आजपाशीन मी फयावर अक्षर लिखणार नई. लिखं तं तू देखी ले.”

गाणी थांबली. बेबाबाईनं कपाळावर हात मारला. देवीच्या पाटावर हात ठेवून बोललेलं, ते आता कोण परत घेणार?

फळा राहिला. त्यावर सेक्रेटरी वार्षिक सभेची सूचना लिहायचे, अक्षरं अशी, की मुंग्या दिंडीला निघाल्यात. माणसं फळ्यापुढं थांबायची बंद झाली. पण गंमत बघा, गंमत कसली, दैवच म्हणायचं, त्यांनी आपले कान काही परत नेले नाहीत. बारा वर्षांची सवय! सात वाजता घराघरांत गाणीच लागत राहिली. शेतीचा कार्यक्रम ऐकणारा गावात अजूनही एकच माणूस होता. वही नाही, पेन नाही, नुसता मांडीवर रेडिओ.

पुढच्या वर्षीची, १९९२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. पंधरा दिवसांची उघडीप पडून मग दोन दिवस पाऊस झाला होता. ज्वारी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात. सात वाजता रेडिओवरची बाई शांतपणे सांगत होती : तापीकाठच्या काही गावांमध्ये लष्करी अळीचा प्रादुर्भाव आढळून आला आहे. अळी थव्यानं एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. शेतकरी बंधूंनी शेताभोवती एक वीत रुंद, एक हात खोल चर खणावा, चराच्या बाजू उभ्या तासाव्यात, म्हणजे आत पडलेली अळी वर चढू शकणार नाही.

यात मोजायला झाकण नव्हतं. औषध नव्हतं. वीत आणि हातसुद्धा त्या बाईनंच सांगितले होते, पितांबरला दळायचीही गरज नव्हती.

बेबाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. “आयकं का? जा ना, चार जनले सांगी या.”

“मी शपथ लेयेल शे.”

“शपथ हातनी शे. तोंडनी नई.”

पितांबरनं रेडिओचं बटण फिरवून तो बंद केला. मग म्हणाला, “आन् नई उनी अळी तं? लोके म्हनतीन, मागला साल पाते गाळा, औंदा फुकटना चर खंदाडा.”

“म्हनू द्या! चर खंदीसन कोणं झाड मरस? रिकामा खड्डाच ना तो? बुजी टाकतीन.”

ती म्हणत होती ते सरळच होतं. तो उठला. दाराशी गेला. एक पाय चपलेत घातला. बाहेर दिवेलागण झाली होती, शेजारच्या दारात ताईबाई उंबऱ्यावर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. चार पावलं. नाही, चारही नाहीत. ‘अक्का, उद्या चर खंद’ इतके शब्द, बस.

पण त्याच्या डोळ्यांपुढे ते झाकण आलं, आणि झाकणाच्या बुडाशी जाऊन पडलेलं दुसरं झाकण. आपण सांगितलं आणि पुन्हा काही वाकडं झालं तर? उद्या सांगू. उद्याही रेडिओवर हेच असलं, तर नक्की सांगू. त्यानं चपलेतून पाय काढला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बेबाबाईनं त्या दिवशी त्याला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गाव नाल्याकडे पळालं. पितांबरही गेला.

ताईबाईचं वावर सगळ्यांत आधी लागायचं. चार एकर ज्वारी उभी होती, आणि नव्हतीही. पानं गेली होती, पानांच्या मधल्या शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. जणू कुणी हिरवं वावर खोडून काढून नुसत्या रेघा ठेवल्या होत्या. ताटाच्या शेंड्याशी, पोंग्यात हात घातला की हिरव्या-काळ्या अळ्या बाहेर सांडत. आणि बांधाच्या पलीकडे, अवघ्या एका बांधाच्या पलीकडे, जीवरामआबांची ज्वारी वाऱ्यावर डुलत होती. मध्ये चर होता, हातभर खोल, उभ्या बाजूंचा. आबा परवा तालुक्याला गेले होते, तिथल्या कृषी कचेरीत त्यांना कळलं होतं. चरात अळ्यांचा वीतभर थर साचलेला, एकमेकींवर चढून पुन्हा खाली घसरत होता.

“माले वाटनं, बठ्ठासले माहीत व्हई,” आबा खालच्या आवाजात म्हणत होते. ज्याला त्याला म्हणत होते. खोटं नव्हतं ते. गावात एखादी गोष्ट एकाला कळली म्हणजे सगळ्यांना कळलीच, अशी बारा वर्षं गेली होती.

ताईबाई रडत नव्हती. ज्वारीचं एक ताट उपटून हातात धरलं होतं आणि ती ते उलटसुलट करून पाहत होती. पितांबर जवळ आला तशी ती म्हणाली,

“पितांबरभाऊ, चर खंदाले पाह्यजे व्हता म्हने.”

आणि पितांबर काय म्हणाला? “हा.”

इतकंच. ‘हा.’ माहीत होतं म्हणाला नाही. चुकलो म्हणाला नाही. जगातल्या कुठल्याही माणसानं दुसऱ्याच्या नुकसानीवर मान हलवून म्हणावं, तसं म्हणाला, आणि परत फिरला.

त्या वर्षी ताईबाईच्या कणगीत ज्वारी पडली नाही आणि बैलांपुढे कडबा पडला नाही. दिवाळी झाल्यावर तिनं जोडी धरणगावच्या बाजारात नेऊन विकली. बैल गेले म्हणजे वावर गेल्यासारखंच. चार एकर तिनं जीवरामआबांना बटाईनं दिले, आणि पुढच्या जूनपासून त्याच वावरात ती रोजानं निंदायला जाऊ लागली. स्वतःच्या बांधावरून, स्वतःच्या बाभळीखालून. पितांबर दिसला की “जेवनं का भाऊ?” म्हणायची. तो “हा” म्हणायचा. सात वर्षं त्या दोघांत बोलणं म्हणून झालं ते एवढंच.

ती त्याच्यावर रागावली असती तर! पण तिला काय माहीत, असं तो मनाशी म्हणायचा. तिला काय माहीत, आपण ऐकलं होतं म्हणून? हे एकच वाक्य त्याला आधार द्यायचं आणि हेच रोज थोडं थोडं खायचं.

सात वर्षांनी सोसायटीत कॉम्प्युटर आला.

पहिले चार दिवस तर जत्राच! खोलीला पंखा लागला, खिडकीला पडदा लागला, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. पितांबरकडे कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचं काम आलं, तेही कोरड्या फडक्यानं, आणि काचेला बोट न लावता. चालवायला धरणगावहून एसटीनं एक मुलगी यायची, कुंदा. वीस-एकवीस वर्षांची, दोन वेण्या घट्ट आवळलेली, आणि उत्साह असा, की एसटीतून उतरायच्या आधीच तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं. टेलिफोनच्या तारेतून माहिती यायची, यंत्र खर्र खर्र करून कागद बाहेर सोडायचं, आणि कुंदा तो त्याच जुन्या फळ्यावर टाचणीनं टोचायची.

“कुंदाताई, ह्यावर पिच्चर कवय लागी?” भिकन रोज विचारायचा. त्याचे केस आता पिकले होते, जीभ तेवढी हिरवी होती.

“पिक्चर नाही हो भिकनभाऊ, माहिती! कागद वाचा ना, तुमच्या कपाशीचंच आहे.”

भिकननं डोळे बारीक करून वाचलं, “बोंडअळीने... आर्थिक नुकसानीची पातळी... ओलांडल्यास...” आणि तो थांबला. “माय वं! कोनती पातळी? नालानी का धरणनी?”

माणसं हसली आणि निघाली. कुंदा मात्र हिरमुसली. चांगला दीड तास लाईन मिळत नव्हती, तेव्हा कुठे तो कागद निघाला होता. ती म्हणाली, “आता याहून सोपं मी कसं सांगू?”

“तू नको सांगू, बेटा,” भिकन म्हणाला, आणि त्यानं ओट्यावर फडकं झटकणाऱ्या पितांबरकडे हनुवटी केली. “आमना कॉम्प्युटर तो शे. आठ वरीसपाशीन बंद पडेल शे.”

ह्याला मात्र कुणी हसलं नाही.

कुंदानं जीवरामआबांकडून, सेक्रेटरींकडून, दोन दिवसांत सगळी गोष्ट काढून घेतली. झाकणाची. चराची नाही, ती त्यांना माहीतच नव्हती. तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन सरळ पितांबरपुढे उभी राहिली.

“काका, फळ्यावर लिहू नका. शपथ आहे ना तुमची? मला तोंडी सांगा, मी लिहिते. तुमचे शब्द, माझं अक्षर. देवीला काय कळतंय!”

“देवीले बठ्ठं समजस, पोरी,” पितांबर म्हणाला. पण त्यानं कागद हातात घेतला.

त्यानं तो वाचला. सात वाजता रेडिओपुढे वही वाचायचा तसा, ओठ हलवत. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यातलं जातं आपोआप फिरायला लागलं. पातळी म्हणजे काय, तर... वीस झाडे देखानी... खाल पडेल पाते मोजाना... किती सहज फिरलं ते! म्हणजे हे कधी बंदच पडलं नव्हतं. त्या संध्याकाळीही फिरत होतं. बंद ठेवलं होतं.

“आगोदर एक जनले सांगाले पाह्यजे,” तो म्हणाला. “मंग तुले सांगस.”

दिवस कलला होता. ताईबाई अंगणात बसून मजुरीत मिळालेल्या भुईमुगाच्या शेंगा वेलांवरून तोडत होती. पितांबर आला, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच खाली मातीत बसला. ती थांबली. मग पुन्हा तोडू लागली.

“अक्का, एक सांगानं व्हतं.”

“सांग ना.”

“अळी उनी ना, त्या सालनी गोष्ट. चार दिन आगोदर रेडिओवर सांगं व्हतं. चर खंदा म्हने. मी आयकं व्हतं.”

शेंगा टोपलीत पडत राहिल्या. टप. टप.

“माले माहीत शे,” ताईबाई म्हणाली.

पितांबरनं मान वर केली.

“मधमा एकच तं भीत शे, भाऊ. तुना रेडिओ माले रोज आयकू ये.”

“मंग तुले... तुले माहीत व्हतं? मंग तू चर काब्र नई...”

“आवाज ये. समजे नई. ती बाई पुस्तकमायलं बोले.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त जसं होतं तसं सांगत होती. “अळी इतलंच समजनं. ज्वारीनं शे, इतलं समजनं. म्हनलं, पितांबरभाऊ लिखत नई आते, पन मना कामनं शे तं सांगी. दारमा बसनू मी. तू दारपावत उना बी. चप्पल बी घाली.”

“अक्का...”

“मंग तू आंदर चालना गया. म्हनलं, मना कामनं नसी.”

पितांबरला वाटलं होतं, माफी मागावी लागेल, ती चिडेल, बेबाबाई मध्ये पडेल. ह्यातलं काहीच झालं नाही. समोरच्या बाईनं सात वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवल्याची शिक्षा भोगली होती, आणि ती विचारत होती,

“कागद कसाना शे तो?”

“कपाशीना. बोंडअळी.”

“वाच.”

“अक्का, तू आते कपाशी...”

“वाच ना, भाऊ.”

पितांबरनं वाचला नाही. कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं. बोटं मोजून सांगितलं. वीस झाडं बघायची, बांधाजवळची नाही, मधली. प्रत्येक झाडाखाली पडलेलं पातं उचलायचं, त्याला भोक आहे का पाहायचं. शंभरात पाच भोकाची निघाली तर फवारायचं, त्याच्या आत नाही. औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. तो दोनदा सांगणार होता, पण ती एकदाच ऐकायची, हे त्याला आठवलं.

ताईबाईचे हात थांबले होते. ती नाल्याच्या दिशेला बघत विचार करत होती.

“आन् कपाशीमा तूर लावेल व्हई तं?” ती म्हणाली. “तूरवर बी तीच अळी चढस. मंग तूर मोजानी का कपाशी?”

कागदात ते नव्हतं. रेडिओवरही कधी ऐकलेलं नव्हतं. जुना पितांबर असता, तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं, आणि झोकात सांगितलं असतं.

“माले नई माहीत,” तो म्हणाला. “कुंदाले सांगीसन वरथून इचारी लेस.”

“कवय सांगशी?”

“सकाय.”

“लवकर ये मंग.” ताईबाईनं टोपली पुढं ओढली आणि वेलाची नवी जुडी मांडीवर घेतली. “मी मना वावरमा जावाना आगोदर ये.”

कुणाच्या वावरात, हे पितांबरनं विचारलं नाही. “हा” म्हणाला, आणि उठला.